शहापुरात राहून कॉलेज फुटबॉलच्या कॉन्फरन्सचे तज्ज्ञ व्हा: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे

ही मार्गदर्शिका भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरकरांसाठी आहे. भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर लागतं, ते आपलं शहापूर. आसनगाव स्टेशनावर उतरून ज्या शहापूरला जातात, ते ठाणे जिल्ह्यातलं. तिथल्या वाचकांनी पुस्तिका इथेच मिटावी. त्यांचा मुलूख १८५७ पासून मुंबई विद्यापीठात आहे तो आहेच, त्यामुळे त्यांच्याकडे अभ्यासाला विषयच नाही. आपल्याकडे तो भरपूर आहे.

पूर्वज्ञान काही लागत नाही. फुटबॉल खेळता येत असेल तर हरकत नाही, पण त्याचा इथे फायदाही नाही. या विषयातले सगळे मोठे निर्णय बैठकांमध्ये झाले आणि त्यासाठी कुणाला बूट घालावे लागले नाहीत.

लागणारं साहित्य

१. नकाशे तीन: महाराष्ट्राचा, अमेरिकेचा आणि जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा.

२. पेन्सिल आणि खोडरबर. या विषयात पेनाने रेघ मारू नये. मारलेल्यांना नंतर पस्तावा झाला आहे.

३. एक पानठेला, जिथे निदान दोन माणसं कुठल्याही विषयावर वाद घालायला तयार असतात. खर्रा अभ्यासक्रमात नाही.

४. एक जुना ‘कलर होल्डर’, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेला माणूस. तो तुमच्या प्रत्येक वाक्याला “तसं नव्हतं ते” म्हणेल. त्याला बोलू द्यावं, कारण वेळापत्रक सोडून बाकी सगळं त्याला आठवत असतं.

पायरी पहिली: कॉन्फरन्स ओळखा

अमेरिकेत काही विद्यापीठं एकत्र येतात. आपण आपसांत खेळू, नियम आपले, वेळापत्रक आपलं, विजेता आपल्यातलाच आणि टीव्हीवाल्यांकडून येणारे पैसे वाटून घेऊ, असं ठरवतात. या गटाला तिथे कॉन्फरन्स म्हणतात.

आपल्याकडे असा गट शोधायला लांब जावं लागत नाही. ज्या विद्यापीठाशी कॉलेज संलग्न, तेच त्याचं कॉन्फरन्स. कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तिथे नजरेत भरलेली पोरं सिलेक्शन ट्रायलला जातात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निघतो. तो वेस्ट झोनला, म्हणजे देशाच्या पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जातो (झोनचं सविस्तर पायरी सहावीत) आणि झोनमध्ये पहिल्या चारांत आला तर अखिल भारतीय स्पर्धेला. या रस्त्यावर कुठेही वळणाची मुभा नाही.

इथे नवशिके नेहमी एक शंका काढतात: अमेरिकेतला फुटबॉल अंड्यासारखा लांबुळका, तो हातात धरून पळतात, आपला गोल, त्याला पायाने मारतात, मग तुलना कशी करायची? शंका रास्त आहे, पण तिचा बाऊ करू नये. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना तिथल्या कॉलेज फुटबॉलमधला पहिला मानतात. त्यात एका बाजूला पंचवीस जण होते, बॉल हातात घेऊन पळायला मनाई होती आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. म्हणजे सुरुवातीला त्यांचाही बॉल पायानेच चालत होता. पुढे त्याचा आकार बदलला, पण कॉन्फरन्सच्या इतिहासाला त्याने काही फरक पडत नाही. हा इतिहास मैदानाबाहेर घडतो आणि तिथे बॉल नसतोच.

लक्षात ठेवायचा खरा फरक दुसराच आहे. तिथे विद्यापीठ आपलं कॉन्फरन्स निवडतं. इथे कॉलेजचा पत्ता ते ठरवतो. (या नियमाला पायरी चौथीत तडा जाणार आहे. तोवर पाठ करून ठेवा.)

पायरी दुसरी: वंशावळ पाठ करा

जुना नकाशा पसरा. पेन्सिलीला टोक काढा.

(अ) नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये निघालं, मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये. नागपूरला विद्यापीठ नव्हतं, म्हणून ही कॉलेजं कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेली होती. नागपूर ते कलकत्ता अशी रेघ ओढा. रेघेच्या लांबीने दचकू नका, ती पुढे उपयोगी पडेल.

(आ) रेघ खोडा. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर मध्य प्रांत अलाहाबादकडे गेला. नवी रेघ ओढा.

(इ) तीही खोडा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. संलग्न कॉलेजं सहा, विद्यार्थी ९२७, पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. आता मध्य प्रांत आणि वऱ्हाड या सगळ्या मुलखाभोवती मोठा गोल काढा. जबलपूर त्यात, रायपूर त्यात, सागर त्यात, अमरावती त्यात, भंडारा तर आहेच. एवढं मोठं कॉन्फरन्स आपल्या वाट्याला पुन्हा आलं नाही, म्हणून हा गोल थोडा वेळ पाहून घ्यावा.

(ई) १९४६. डॉ. हरिसिंह गौर हे नाव लिहून घ्या. हे गृहस्थ दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, पुढे नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू. मूळ गाव सागर. वकिलीत मिळवलेला पैसा ओतून त्यांनी १८ जुलै १९४६ रोजी आपल्या गावी विद्यापीठ काढलं. कॉन्फरन्समधून बाहेर पडणं पुष्कळांना जमतं. स्वतःच्या खिशातून नवं कॉन्फरन्स काढणारा माणूस विरळा. गोलाची वरची, हिंदी भाषक बाजू खोडायला घ्या.

(उ) १ नोव्हेंबर १९५६. राज्यपुनर्रचना. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, छत्तीसगढ पलीकडे राहिलं. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र. चार वर्षांच्या आत भंडाऱ्याने तीन राज्यं पाहिली आणि विद्यापीठ एकच.

(ऊ) १ मे १९८३. अमरावती विद्यापीठ. पश्चिम विदर्भ खोडा.

(ए) १ मे १९९९. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नवशिके इथे घाईने खोडरबर उचलतात. उचलू नका. जिल्हा फुटला, पण दोन्ही तुकडे नागपूर विद्यापीठातच राहिले. तीन वेगवेगळ्या वर्षी तारीख मात्र १ मे हीच आहे, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानात आलंच असेल. विदर्भात या दिवशी झेंडावंदन करून यावं आणि आल्यावर आपण कुठल्या हद्दीत आहोत ते एकदा विचारून घ्यावं.

(ऐ) २००५. विद्यापीठाचं नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झालं. हद्द तीच. जर्सी छापणाऱ्याचं काम वाढलं.

(ओ) २०११. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ. चंद्रपूर आणि गडचिरोली खोडा.

आता पेन्सिल खाली ठेवा आणि काय उरलं ते मोजा: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. सागर गेलं, जबलपूर गेलं, रायपूर गेलं, अमरावती गेली, चंद्रपूर गेलं. १९२३ पासून भंडारा जागचा हलला नाही. याला निष्ठा समजून कॉलर ताठ करू नये. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

या पायरीवर पानठेल्यावर जाऊन सराव करावा. तुम्ही ही सगळी वंशावळ म्हणून दाखवलीत की बाकावरचे काका शांतपणे म्हणतील, “नागपूर विद्यापीठ म्हना ना जी सरळ. एवढं फिरून कायले आले?” खचून जाऊ नये. पहिल्या परीक्षेत सगळ्यांचं असंच होतं.

आता कलर होल्डरला विचारा. २०११ च्या आधी चंद्रपूरचा स्ट्रायकर आणि भंडाऱ्याचा गोलकीपर एकाच विद्यापीठाच्या जर्सीत, एकाच डब्यातून वेस्ट झोनला निघत. गोंडवानानंतर तेच दोघे समोरासमोरच्या संघांत गेले. दोघांपैकी एकाचंही गाव हललं नव्हतं. या एका उदाहरणात दुसऱ्या पायरीचं सार आलं. वंशावळ विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पायरी तिसरी: एका घरातली पाच पोरं

वरची वंशावळ पाठ झाली की विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याला विषय आला. तसं वाटू नये म्हणून ही पायरी आहे.

समजा, शहापुरातलं एक घर आहे. थोरला बी.ए. करतो, म्हणजे नागपूर विद्यापीठ. दुसरा बी.एस्सी. अ‍ॅग्री, म्हणजे अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, स्थापना १९६९. तिसरी मुलगी नर्सिंगला, म्हणजे नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, स्थापना १९९८. चौथी जनावरांची डॉक्टर व्हायला निघाली आहे, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, स्थापना २०००. ते नागपुरातच असलं तरी थोरल्याच्या नागपूरशी त्याचा संबंध नाही. धाकटा पॉलिटेक्निकला, तो कुठल्याच विद्यापीठाचा नाही, तंत्रशिक्षण मंडळाचा आहे.

धान कापून झालं, पुंजणे रचून झाले की रिकाम्या बांधीत ही पाचही भावंडं चपलांचे गोल करून बॉल खेळतात. अधिकृत दृष्टीने पाहिलं तर त्या बांधीत पाच कॉन्फरन्सांची स्पर्धा चालू आहे. बाहेर पडलेला बॉल आणायला धुऱ्यापलीकडे कोणी जायचं, हे मात्र कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. तिथे धाकट्याला पाठवण्याची जुनी पद्धत लागू होते.

त्यांची आई विचारते, “मंग पाचही जनायले एकाच टीममधी काऊन नाही घेत?” प्रश्न साधा वाटतो. या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे आणि याचं उत्तर देणारी पायरी अजून कुणी लिहिलेली नाही. इतकंच सांगता येईल: विद्यापीठं विषयांनुसार तोडली गेली तेव्हा शेती, औषध, जनावरं आणि यंत्रं यांचा विचार झाला. बॉल हा कुठल्याच विद्याशाखेत येत नव्हता, म्हणून तो ज्याच्या-त्याच्या वाट्याला तुकड्यातुकड्याने गेला.

पायरी चौथी: लोणेऱ्याचा धक्का

पहिल्या पायरीतला नियम आठवा: कॉन्फरन्स पत्त्यावरून ठरतं. आता त्यावर काट मारा.

रायगड जिल्ह्यातल्या लोणेऱ्याला १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरातली तांत्रिक कॉलेजं संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजापुढे पर्याय आला: जवळच्या विद्यापीठात राहा, नाहीतर लोणेऱ्याला या. आपल्या भागात इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तेव्हा हा पर्याय शहापूरच्या वेशीपर्यंत आलेला आहे.

अंतर काढा. शहापूरहून नागपूर पन्नासेक किलोमीटर. लोणेरे जवळपास नऊशे. मध्ये सगळा विदर्भ, मग मराठवाडा किंवा खानदेश, मग घाट, मग कोकण. एक बाजू तांदळाच्या बांध्यांची, दुसरी भातखाचरांची. पिकाचा तेवढा दुवा सोडला तर खेळाडूला प्रवासात झोपण्यावाचून काही काम नाही. आणि कॉलेज तिकडे जातं ते अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आणि कागदपत्रांच्या हिशेबाने. फुटबॉलच्या टीमचं मत त्यात घेतलं जात नाही. टीमला ते नव्या जर्सीवरून कळतं.

पायरी पाचवी: अमेरिकेचा नकाशा उघडा

ज्यांना लोणेऱ्याचं अंतर जास्त वाटलं, त्यांच्यासाठी ही पायरी औषधासारखी आहे.

पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन ही नावं एम.एस.ला जाणाऱ्या पोरांच्या अर्जांमुळे आपल्याकडे घरोघरी पोचली आहेत. पर्ड्यूचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने सात विद्यापीठांचे प्रमुख जानेवारी १८९५ मध्ये शिकागोत जमले. हेतू अगदी सात्त्विक होता: मैदानावर उतरणारा खरोखर विद्यार्थी असावा, भाडोत्री पहिलवान नसावा. पुढच्या वर्षी कॉन्फरन्स उभं राहिलं. पुढे सदस्य दहा झाले आणि ‘बिग टेन’ हे नाव पडलं.

आता खोडरबर घ्या. १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठ बिग टेनमधून बाहेर पडलं. त्याआधी १९३९ मध्येच त्यांनी अभ्यासाला अडथळा नको म्हणून फुटबॉल बंद केला होता. म्हणजे ज्या वर्षी सागर नागपूरपासून सुटलं, त्याच वर्षी शिकागो बिग टेनपासून. परीक्षेत हे सनसाम्य लिहिल्यास परीक्षक खूश होतात.

१९९० मध्ये पेन स्टेट आलं आणि बिग टेनमध्ये अकरा जण झाले. नाव बदललं नाही. बोधचिन्हातल्या अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत ११ लपवला. पुढे बारा झाले, २०१४ मध्ये चौदा, २०२४ मध्ये अठरा. नाव अजून बिग टेन. दरम्यान ‘बिग ट्वेल्व्ह’ नावाच्या कॉन्फरन्समध्ये दशकभर दहाच सदस्य होते. इंजिनिअरिंगमध्ये नाव कमावलेल्या विद्यापीठांचा हा अंकगणिताचा ताळा आहे, हे नवशिक्याने धीराने घ्यावं.

हे का झालं? १९८४ साल लिहून घ्या. तोवर कॉलेज फुटबॉलचे कोणते सामने टीव्हीवर दाखवायचे, हे देशपातळीवरची एकच संघटना ठरवत होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली. त्यानंतर ज्याला त्याला आपले सामने विकता येऊ लागले. एकट्याने विकण्यापेक्षा मोठ्या गटाने विकले तर भाव जास्त येतो. मग गट वाढवायचा, आणि वाढवताना कुठलं गाव कुठे आहे याकडे कशाला पाहायचं? टीव्हीला सगळी गावं सारख्याच अंतरावर असतात.

परिणाम नकाशावर पाहा. अटलांटिक किनाऱ्याच्या नावाचं कॉन्फरन्स आहे. २०२४ पासून त्यात स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, जे पॅसिफिकच्या बाजूला आहेत. १८६९ चा पहिला सामना जिंकणारं न्यू जर्सीचं रटगर्स आता बिग टेनमध्ये आहे, आणि त्याच गटात लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठंही. दोन टोकांत जवळपास चार हजार किलोमीटर. पॅसिफिककडच्या ‘पॅक ट्वेल्व्ह’चं घर तर असं वाटलं गेलं की २०२४ मध्ये भांडी घासायला दोघंच उरले: ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

इथे उजळणी करा. तिथे रेघ बाजाराने हलवली, इथे शासनाने. तिथे करार झाले, इथे राजपत्र निघालं. खेळणाऱ्या पोराला दोन्हीकडे निकालच कळला, प्रश्न कधी विचारला गेला ते कळलं नाही.

पायरी सहावी: झोन

विद्यापीठाच्या वर झोन असतो. ही व्यवस्था असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज पाहते. १९२५ मध्ये इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड म्हणून ती सुरू झाली, १९७३ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. देशाचे चार झोन. आपण वेस्ट झोनमध्ये. सोबत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा.

स्पर्धा नॉकआउट-कम-लीग. पहिल्या भागात हरला की बॅग उचलायची; शेवटचे चार उरले की त्यांनी आपसांत साखळी खेळायची. यामुळे एक प्रसंग वारंवार घडतो: दोन दिवस प्रवास, दीड तास सामना, दोन दिवस परतीचा प्रवास. कलर होल्डरला हा विषय काढू देऊ नका, तो थांबत नाही.

आता पुन्हा जुना नकाशा घ्या. भंडारा रोड स्टेशनावरून रायपूरकडे गाडीने निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं. रायपूर एके काळी आपल्याच कॉन्फरन्समध्ये होतं. आज छत्तीसगढची विद्यापीठं ईस्ट झोनमध्ये खेळतात. जयपूर, जिथे जायला रात्र गाडीत काढावी लागते, ते आपल्या झोनमध्ये.

आणखी एक टीप, गुण मिळवून देणारी. आंतरविद्यापीठ फुटबॉलचा चषक सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाचा आहे. ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेव्हा पायरी दुसरीतली पहिली रेघ, जी खोडून तुम्ही मोकळे झाला होतात, तीच चषकावर कोरलेली आहे. खोडरबर चांगल्या कंपनीचं घ्या असं सांगायचं राहिलं होतं.

पायरी सातवी: कॉन्फरन्सबाहेरचा फुटबॉल

ही पायरी अभ्यासक्रमात नाही. तरी करावी.

आपल्या भागात फुटबॉल जिथे मुरला, ती जागा कॉलेज नव्हे. ती कामठी. इंग्रजांची छावणी तिथे पडली आणि छावणीबरोबर बॉल आला. तिथल्या रब्बानी क्लबचं नाव नागपूरच्या कुठल्याही जुन्या खेळाडूजवळ काढून पाहा. त्या मैदानांवर कुणी संलग्नता प्रमाणपत्र मागितलं नाही. पोरगा खेळतो का, एवढंच पाहिलं.

दुसरी गोष्ट हिस्लॉप कॉलेजची, म्हणजे आपल्या वंशावळीत सर्वांत वर बसलेल्या कॉलेजची. तिथले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी नागपुरातल्या झोपडपट्टीतली पोरं पावसात मोडक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यातून २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला, पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली आणि तिच्यातून निवडलेले खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेले. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ हा चित्रपट याच कामावर बेतलेला आहे.

या गोष्टीकडे भावुक होऊन पाहू नका, नियमांच्या बाजूने पाहा. कॉलेजची टीम उतरवायची तर प्रत्येक खेळाडूचा एलिजिबिलिटी फॉर्म लागतो. त्यावर प्राचार्यांची सही, बारावीचं वर्ष, प्रवेश क्रमांक. बादलीला लाथ मारणाऱ्या पोराजवळ यातलं काही नव्हतं. कॉन्फरन्स म्हणजे कोण कुणाशी खेळेल याची यादी, असं आपण पहिल्या पायरीत शिकलो. ती यादी पूर्ण करण्यासाठी कोण खेळणार नाही हे आधी ठरवावं लागतं. शिकागोच्या सात प्रमुखांनीही १८९५ मध्ये तेच केलं होतं, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. हेतू चांगला असूनही रेघेच्या बाहेर माणसं राहतातच. बारसे सरांनी रेघ पुसली नाही. ते रेघ ओलांडून पलीकडे गेले. वंशावळीच्या सगळ्या सनांमध्ये खेळाच्या माणसाने घेतलेला निर्णय म्हणून दाखवता येईल असा हा एकच.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका

*नावावर विश्वास ठेवणे.* बिग टेनमध्ये अठरा, अटलांटिकमध्ये पॅसिफिक. नाव वाचून हद्द सांगू नये.

*जुनी प्रमाणपत्रं रद्दीत देणे.* शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि तिथे कागद लागतो. २००५ च्या आधीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव आखूड असेल. ते तेच विद्यापीठ आहे हे तुम्हाला ठाऊक आहे; खिडकीपलीकडच्या माणसाला ते समजावून सांगण्यासाठी पायरी दुसरी पाठ ठेवावी. या मार्गदर्शिकेचा व्यवहारी उपयोग बहुधा एवढाच.

*रेघ कायमची समजणे.* गोंडवानाच्या वेळी ज्यांनी पेनाने काढली, त्यांना नवा नकाशा विकत घ्यावा लागला.

*कबड्डीवाल्यांसमोर हा विषय काढणे.* मंडईच्या दिवसांत गावात रात्रीचे सामने लागलेले असतात, आणि तिथे “तुमचं कॉन्फरन्स कोणतं?” असं विचारणाऱ्याला चढाईला पाठवतात.

स्वाध्याय

प्रश्न १. रिकाम्या जागा भरा. (गुण १०) नागपूरची कॉलेजं प्रथम ______, नंतर ______ आणि १९२३ पासून ______ विद्यापीठात होती. भंडाऱ्याचं मत ______ साली घेतलं गेलं. (शेवटची जागा रिकामीच ठेवावी.)

प्रश्न २. जोड्या लावा. (गुण १०) हरिसिंह गौर, जेम्स स्मार्ट, विजय बारसे. आणि: स्वतःच्या पैशाने, दुसऱ्यांच्या संमतीने, कुणालाही न विचारता.

प्रश्न ३. फरक स्पष्ट करा. (गुण १०) राजपत्र आणि टीव्हीचा करार. खेळाडूच्या दृष्टीने फरक न सापडल्यास तसं लिहावं, पूर्ण गुण मिळतील.

प्रश्न ४. कारणे द्या. (गुण २०) रायपूर जवळ आहे, पण सामना जयपूरला आहे.

प्रश्न ५. प्रात्यक्षिक. (गुण ५०) आपल्या गावातला विद्यापीठ किंवा झोनपर्यंत खेळलेला एक मुलगा किंवा मुलगी शोधा. तो किंवा ती सामन्यासाठी किती किलोमीटर गेली, गाडीभाडं कुणी भरलं, किती मिनिटं मैदानावर मिळाली आणि परत आल्यावर कॉलेजने हजेरी लावली की नाही, एवढे चार आकडे आणा. सन, स्थापना आणि नामांतरं या प्रश्नात लिहू नयेत, लिहिल्यास गुण कापले जातील. कॉन्फरन्सचा इतिहास या चार आकड्यांत मावतो. बाकी सगळं लेटरहेड आहे.

सूचना: उत्तरपत्रिका पेन्सिलीने लिहाव्यात. त्या कोणत्या विद्यापीठात तपासल्या जातील, हे पेपर संपेपर्यंत हद्द बदलली नाही तर केंद्रावरच कळवण्यात येईल.